अर्ध्या फोटॉनची किंमत : अतिसंवाहक सूक्ष्मतरंग विवर्धकांचा इतिहास

विसाव्या शतकातील संदेशवहनाचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात क्षीण संदेशांना बळ देण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे, आणि या प्रयत्नांना प्रत्येक टप्प्यावर ज्या अडथळ्याशी झुंजावे लागले तो म्हणजे गोंगाट, अर्थात संदेशात मिसळणारे आणि त्याच्याबरोबर मोठे होत जाणारे यादृच्छिक विद्युत् चढउतार. संदेश मोठा करणारे साधन म्हणजे विवर्धक किंवा ॲम्प्लिफायर. तो आपल्याकडे आलेला गोंगाट तर मोठा करतोच, शिवाय त्यात स्वतःची भर घालतो. ही भर किती कमी करता येईल, या प्रश्नाला निसर्गाने एक ठाम उत्तर दिले आहे, ज्याला क्वांटम मर्यादा म्हणतात. तिची पहिली जाणीव 1950 च्या दशकात झाली, तिची सर्वसाधारण सिद्धता 1982 मध्ये मांडली गेली आणि तिला भिडणारी अतिसंवाहक साधने 1990 पर्यंत प्रयोगशाळेत चालूही झाली होती. तरीही ती नित्याच्या वापरात यायला आणखी सुमारे वीस वर्षे जावी लागली. हा विलंब केवळ तांत्रिक अडचणींमुळे झाला नाही. अर्ध्या फोटॉनचाही हिशेब ठेवावा लागेल असे मोजमाप जोवर कोणाला करायचे नव्हते, तोवर अशा विवर्धकाला गिऱ्हाईकच नव्हते, आणि हेच या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे.

या कथेचा आरंभ 1928 मध्ये अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होतो. तेथील जॉन जॉन्सन यांनी दाखवून दिले की कोणत्याही विद्युत् रोधाच्या दोन टोकांमध्ये, त्यातून बाहेरून प्रवाह सोडलेला नसतानाही, एक सतत थरथरणारा विद्युत् दाब असतो आणि तो तापमानाबरोबर वाढतो. त्यांचे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी त्याच वर्षी या थरथरीचे गणित ऊष्मागतिकीच्या आधारे मांडले. दोघेही स्वीडनमध्ये जन्मलेले होते आणि दोघांचे लेख एकाच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या गणितानुसार गोंगाटाची शक्ती तापमान आणि वारंवारतेच्या पट्ट्याची रुंदी यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, त्यामुळे गोंगाट थेट केल्विन अंशांत सांगण्याची पद्धत पुढे रूढ झाली: विवर्धकाचे गोंगाट-तापमान 10 केल्विन आहे याचा अर्थ, तो घालत असलेली भर 10 केल्विनवर ठेवलेल्या रोधाच्या गोंगाटाइतकी आहे. अतिशय उच्च वारंवारतेला किंवा अतिशय कमी तापमानाला हे अभिजात सूत्र पुरे पडणार नाही आणि तेथे प्लांकच्या पुंजसिद्धांताचे सूत्र घ्यावे लागेल, हेही नायक्विस्ट यांनी आपल्या लेखात नोंदवले होते. मात्र त्या काळच्या तारायंत्राला आणि टेलिफोनला त्या दुरुस्तीची काहीच गरज नव्हती.

दुसऱ्या महायुद्धातील रडारने हे चित्र पालटले. रडारचे काम सूक्ष्मतरंगांवर, म्हणजे साधारणपणे सेकंदाला शंभर कोटी कंपनांच्या आणि त्याहून वरच्या वारंवारतेवर चालते, आणि दूरच्या विमानावरून परत येणारा प्रतिध्वनी इतका दुबळा असतो की ग्राहकयंत्राचा गोंगाटच त्याचा पल्ला ठरवतो. 1944 मध्ये बेल प्रयोगशाळेतील डॅनिश वंशाचे अभियंते हाराल्ड फ्रीस यांनी एकापुढे एक जोडलेल्या विवर्धकांच्या साखळीचा हिशेब मांडला. त्याचा गाभा असा की पुढच्या प्रत्येक विवर्धकाचा गोंगाट त्याच्या आधीच्या एकूण विवर्धनाने भागला जातो, म्हणून साखळीची गुणवत्ता जवळजवळ संपूर्णपणे पहिल्या विवर्धकावर अवलंबून असते. तसेच पहिल्या विवर्धकापूर्वी तारेत किंवा जोडणीत जेवढा संदेश वाया जातो, तेवढे नुकसान नंतर कितीही विवर्धन केले तरी भरून निघत नाही. पुढील ऐंशी वर्षे संशोधकांनी पहिल्याच विवर्धकावर एवढे श्रम का केले, याचे उत्तर या सूत्रात आहे.

पहिल्या विवर्धकाच्या जागी क्रांतिकारक बदल घडवला तो मेसरने. कोलंबिया विद्यापीठात चार्ल्स टाउन्स, जेम्स गॉर्डन आणि हर्बर्ट झायगर यांनी 1954 मध्ये अमोनियाच्या रेणूंचा मेसर चालवून दाखवला. उत्तेजित रेणूवर सूक्ष्मतरंग पडला की तो रेणू तशीच लहर सोडतो, या उद्दीपित उत्सर्जनाच्या तत्त्वावर तो आधारलेला होता. 1956 मध्ये हार्वर्डच्या निकोलास ब्लूमबर्गेन यांनी घनपदार्थातील तीन ऊर्जापातळ्यांचा वापर सुचवला आणि लवकरच द्रव हेलियमने थंड केलेल्या माणकाच्या स्फटिकांचे मेसर रेडिओ दुर्बिणींवर चढले. 1964-65 मध्ये न्यू जर्सीतील होल्मडेल येथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांनी 4080 मेगाहर्ट्झवर आकाशाकडून येणारे तापमान मोजले, तेव्हा त्यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनामागे असाच माणिक-मेसर बसवलेला होता. मोजलेल्या 6.7 केल्विनपैकी वातावरणाचा आणि अँटेनाचा वाटा वजा केल्यावर सुमारे 3.5 केल्विन शिल्लक उरले आणि त्यांतून विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेचे अवशेष, म्हणजे विश्व सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारण, हाती लागले. ग्राहकयंत्राचा गोंगाट थोडा आणि नेमका ठाऊक असल्याशिवाय साडेतीन अंशांची ही शिल्लक ओळखता आली नसती.

मेसरने अभियंत्यांना एक सैद्धांतिक प्रश्नही भेट दिला. उद्दीपित उत्सर्जन होते तेथे स्वयंस्फूर्त उत्सर्जनही होते, कारण उत्तेजित रेणू कोणाच्या प्रेरणेविनाही अधूनमधून फोटॉन सोडतोच, आणि हे फोटॉन संदेशात भेसळ करतात. जोसेफ वेबर यांनी 1957 मध्ये मेसरच्या गोंगाटाचा विचार प्रसिद्ध केला. त्याच वर्षी शिमोदा, ताकाहासी आणि टाउन्स यांनी विवर्धित फोटॉनांच्या संख्येतील चढउतारांचे गणित मांडले. 1961 ते 1962 या काळात लुइसेल, यारिव्ह व सीगमन, तसेच हाउस व मलेन आणि हेफनर यांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच निष्कर्ष काढला: रचना कोणतीही असो, संदेशाची मोठी आणि विश्वासू प्रत काढणारा रेषीय विवर्धक काही किमान गोंगाट घातल्याशिवाय राहू शकत नाही.

या निष्कर्षामागील युक्तिवाद समजायला सोपा आहे. कोणत्याही लहरीचे दोन घटक पाडता येतात, जे एकमेकांपासून पाव आवर्तनाने सरकलेले असतात, आणि पुंजसिद्धांताप्रमाणे हे दोन घटक कणाचे स्थान आणि संवेग यांच्यासारखे आहेत: दोन्ही एकाच वेळी हव्या तितक्या अचूकतेने ठरवता येत नाहीत. लहर पूर्ण शांत असली, तिच्यात एकही फोटॉन नसला, तरी तिच्यात अर्ध्या फोटॉनच्या ऊर्जेइतके शून्यबिंदू कंपन शिल्लक असते. आता गोंगाट न घालता दोन्ही घटक सारखेच मोठे करणारा विवर्धक जर बनवता आला असता, तर त्याच्या पुढे साधी मोजयंत्रे बसवून दोन्ही घटक बिनचूक मोजता आले असते आणि अनिश्चिततेच्या तत्त्वाला बगल मिळाली असती. तसे होऊ नये म्हणून विवर्धकाला आणखी अर्ध्या फोटॉनचा गोंगाट घालावाच लागतो. कॅल्टेकमधील कार्लटन केव्ह्ज यांनी 1982 मध्ये हा नियम सर्व रेषीय विवर्धकांसाठी एकत्रित आणि काटेकोर रूपात मांडला, आणि त्याची दुसरी बाजूही ठळक केली: एकच घटक मोठा करून दुसरा तेवढ्याच प्रमाणात दाबणाऱ्या विवर्धकावर हे बंधन नाही, तो तत्त्वतः काहीही गोंगाट न घालता काम करू शकतो. केव्ह्ज यांना हा प्रश्न पडला तो गुरुत्वीय तरंग शोधण्याच्या संदर्भात, जे क्षेत्र 1960 च्या दशकात त्याच वेबर यांनी आपल्या ॲल्युमिनियमच्या दंडगोलांनी उघडले होते.

या मर्यादेचे आकडे पाहिले तर ती किती दूर होती हे कळते. 5 गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनची ऊर्जा तापमानाच्या भाषेत अवघी 0.24 केल्विन भरते, म्हणून विवर्धकाची किमान भर सुमारे 0.12 केल्विन इतकीच होते. खोलीच्या तापमानावरील साधा रोध मात्र त्याच वारंवारतेला हजाराहून अधिक फोटॉनांइतका गोंगाट करतो. इतक्या खाली जायचे तर विवर्धक थंड असायला हवा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यात ऊर्जा वाया घालवणारा रोधच नसायला हवा, कारण जेथे रोध तेथे गोंगाट, हे जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी सांगूनच ठेवले होते. ही अट पूर्ण करणारे पदार्थ म्हणजे अतिसंवाहक, ज्यांचा विद्युत् रोध एका ठरावीक तापमानाखाली नाहीसा होतो.

रोधाविना विवर्धन करण्याची युक्ती प्राचलिक किंवा पॅरामेट्रिक विवर्धन या नावाने ओळखली जाते आणि तिचे तत्त्व नागपंचमीचा झोका उभ्याने चढवणाऱ्या प्रत्येकाला शरीराने ठाऊक असते: झोक्याला बाहेरून कोणी ढकलत नाही, पण वर उभी असलेली व्यक्ती प्रत्येक हेलकाव्यात दोनदा योग्य क्षणी गुडघे वाकवून ताठ होते आणि झोक्याचा एक गुणधर्म अशा रीतीने बदलत ठेवल्याने हेलकावा वाढत जातो. विद्युत् मंडलात हेच काम मंडलाचे प्रवर्तकत्व किंवा धारकता तालात बदलून करता येते. ताल देणाऱ्या जोरकस लहरीला पंप म्हणतात; पंपाची ऊर्जा संदेशात जाते आणि त्याच वेळी एक सहचर लहर जन्म घेते. विवर्धकाची अपरिहार्य भर कोठून येते हेही येथे स्पष्ट दिसते, कारण सहचर लहरीच्या वाटेने तिचे शून्यबिंदू कंपन, म्हणजे नेमका अर्धा फोटॉन, संदेशात मिसळतो. पंपाची वारंवारता अशी निवडली की संदेश आणि सहचर एकच ठरतील, तर विवर्धक एकाच घटकावर काम करतो आणि ही भर टळते.

अशा मंडलासाठी हवे असलेले बदलते प्रवर्तकत्व 1962 मध्ये एका विद्यार्थ्याच्या गणितातून पुढे आले. केंब्रिजमधील बावीस वर्षांचे ब्रायन जोसेफसन यांनी भाकीत केले की दोन अतिसंवाहकांमध्ये विद्युत्‌रोधी पदार्थाचा अतिशय पातळ पापुद्रा ठेवला तरी त्यातून इलेक्ट्रॉनांच्या जोड्या विद्युत् दाबाविना पार होतील. पुढच्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत फिलिप अँडरसन आणि जॉन रॉवेल यांनी ते प्रयोगाने पडताळले. असे जोसेफसन जंक्शन मंडलात प्रवर्तकासारखे वागते आणि त्याचे प्रवर्तकत्व त्यातून वाहणाऱ्या प्रवाहाबरोबर बदलते. 1967 मध्ये झिमर यांनी त्याचा प्राचलिक विवर्धक म्हणून उपयोग प्रसिद्ध केला आणि 1975 मध्ये फेल्डमन, पॅरिश व चाओ यांनी बर्कलीत अनेक जंक्शनांच्या साखळीवर तो चालवला. मात्र 1970 च्या दशकातील बहुतेक प्रयोगांवर एकच आपत्ती कोसळली: विवर्धन वाढवत नेले की गोंगाट अपेक्षेच्या कितीतरी पट उसळी घेई. 1980 मध्ये ह्युबरमन, क्रचफील्ड आणि पॅकार्ड यांनी सुचवले की हा बाहेरचा गोंगाट नसून जंक्शनच्या अरेषीय गतीत निर्माण होणारा अराजकी गोंधळ असू शकतो. जे अरेषीयत्व विवर्धनाला आवश्यक होते, तेच मर्यादेबाहेर वापरले की घातक ठरत होते, आणि पंप, जंक्शन व अनुस्पंदक मंडल यांचे प्रमाण जुळवण्याचे तंत्र अजून हाती आले नव्हते.

दरम्यान बर्कलीतील जॉन क्लार्क यांच्या गटाने वेगळ्या दिशेने पायाभरणी केली. 1981 मध्ये कॉख, व्हॅन हार्लिंजेन आणि क्लार्क यांनी जंक्शनला समांतर जोडलेल्या रोधाच्या गोंगाटात शून्यबिंदू कंपनांचा वाटा प्रत्यक्ष मोजला. त्यानंतर 1984-85 मध्ये क्लार्क, त्यांचे फ्रेंच सहकारी मिशेल डेव्होरे आणि विद्यार्थी जॉन मार्टिनिस यांनी दाखवले की हातात धरता येण्याजोग्या आकाराचे विद्युत् मंडलही अणूसारखे पुंजनियमांनी वागते. या कामासाठी तिघांना 2025 चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. विवर्धकाच्या बाजूने निर्णायक प्रयोग बेल प्रयोगशाळेत बर्नार्ड यर्क यांच्या गटाने केले: 1988 मध्ये त्यांनी जोसेफसन विवर्धकाने 4.2 केल्विनच्या उष्मीय गोंगाटाचा एक घटक आवळून दाखवला, आणि 1990 मध्ये, केल्विनच्या काही शतांशांपर्यंत थंड केलेल्या मंडलात, निर्वाताच्या शून्यबिंदू कंपनांचाही एक घटक जवळपास निम्म्यावर आणला. केव्ह्ज यांनी कागदावर दिलेली सवलत येथे प्रत्यक्षात आली होती आणि क्वांटम मर्यादा गाठता येते, नव्हे एका घटकापुरती ओलांडताही येते, हे सिद्ध झाले होते.

यानंतरही हे साधन मागे पडले. 1980 मध्ये जपानच्या फुजित्सू कंपनीतील ताकाशी मिमुरा यांनी जाहीर केलेला हेम्ट हा अर्धसंवाहक ट्रान्झिस्टर थंड केल्यावर इतका शांत होई की रेडिओ खगोलशास्त्राने मेसरऐवजी त्याला जवळ केले. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्यांचे गोंगाट-तापमान काही केल्विनपर्यंत उतरले, पट्टारुंदी मोठी होती आणि तो पंपाच्या नाजूक जुळणीविना चालत असे. क्वांटम मर्यादेच्या दहा-वीस पट असलेला हा गोंगाट आकाशनिरीक्षणाला चालण्यासारखा होता, कारण तेथे वातावरण आणि अँटेनाच त्याहून अधिक गोंगाट करीत. अरुंद पट्ट्यात काम करणाऱ्या आणि अगदी क्षीण संदेशानेच संपृक्त होणाऱ्या जोसेफसन विवर्धकासाठी सोयीवर पाणी सोडण्याचे कोणालाच कारण नव्हते.

ते कारण क्युबिटने पुरवले. 2004 मध्ये येल विद्यापीठात वालराफ, शोलकॉफ, गर्विन आणि सहकाऱ्यांनी अतिसंवाहक क्युबिट, म्हणजे दोन अवस्थांच्या मिश्रणात राहू शकणारे कृत्रिम अणूसारखे मंडल, सूक्ष्मतरंगांच्या अनुस्पंदकाशी जोडले. क्युबिटची अवस्था अनुस्पंदकाची वारंवारता किंचित सरकवते आणि ती वाचण्यासाठी मोजक्या फोटॉनांचा संदेश पाठवावा लागतो, कारण जास्त फोटॉन पाठवले तर क्युबिटच बिघडतो. हेम्टच्या गोंगाटात हे मोजके फोटॉन बुडून जात आणि हजारो वेळा प्रयोग करून सरासरी घ्यावी लागे. सरासरीतून मात्र एकाच मोजमापात काय घडले हे कधीच कळत नाही. अर्ध्या फोटॉनला येथे प्रथमच व्यावहारिक किंमत आली.

त्यामुळे 2007 नंतर विसरलेल्या साधनाचे पुनरुज्जीवन वेगाने झाले. कोलोरॅडोतील जिला संस्थेत कास्टेलानोस-बेल्ट्रान आणि लेनर्ट यांनी जंक्शनांच्या जोडवलयांची साखळी वापरून वारंवारता बदलता येणारा विवर्धक बनवला आणि 2008 मध्ये एका घटकावर त्याची भर अर्ध्या फोटॉनपेक्षा कमी असल्याचे दाखवले. जपानमध्ये यामामोतो यांच्या गटाने चुंबकीय प्रवाहाने पंप होणारी रचना केली. येलमध्ये डेव्होरे यांच्या गटाने 2010 मध्ये चार जंक्शनांच्या वलयावर आधारलेला, दोन्ही घटक राखणारा आणि मर्यादेच्या निकट पोहोचलेला विवर्धक प्रसिद्ध केला. त्या लेखाच्या लेखकांत डेव्होरे यांच्याकडे शिकलेले आर. विजय होते. पुढे बर्कलीत विजय, स्लिक्टर आणि सिद्दीकी यांनी 2011 मध्ये अशा विवर्धकाच्या साहाय्याने क्युबिटच्या पुंज-उड्या, म्हणजे एका अवस्थेतून दुसरीत होणारी अचानक झेप, सरासरी न घेता ती घडत असतानाच नोंदवली, आणि 2012 मध्ये मोजलेल्या संदेशाच्या आधारे क्युबिटला तात्काळ सावरून धरण्याचा प्रयोग केला.

विजय त्यानंतर मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा तेथे घडला. अनुस्पंदकावर आधारलेल्या विवर्धकात विवर्धन वाढवले की पट्टारुंदी आक्रसते, हा जुना दंडक होता. तनय रॉय, विजय आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये अनुस्पंदकाला दिसणारी प्रतिबाधा एका अर्ध्या तरंगलांबीच्या रूपांतरकाने अशी घडवली की 20 डेसिबल, म्हणजे शक्तीच्या शंभरपट विवर्धनाला 640 मेगाहर्ट्झची सपाट पट्टी मिळाली आणि गोंगाट क्वांटम मर्यादेच्या निकटच राहिला. याच संस्थेच्या सहभागाने पुण्यातील डीआरडीओच्या क्वांटम तंत्रज्ञान प्रयोगशाळेने 2024 मध्ये सहा क्युबिटांच्या अतिसंवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण केल्याचे जाहीर केले.

पट्टारुंदीच्या प्रश्नाला दुसरे उत्तर अनुस्पंदक टाकूनच देण्याचे होते. संदेश आणि पंप एकाच लांब मार्गावरून बरोबर चालवले तर वाटेत सतत विवर्धन होते, ही कल्पना 1958 मध्ये मांडली गेली होती. 2012 मध्ये कॅल्टेक व जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी येथील हो ओम, झ्मुइद्झिनास आणि सहकाऱ्यांनी नायोबियम-टायटॅनियम नायट्राइडच्या अतिसंवाहक तारेवर ती साकारली, आणि 2015 मध्ये मॅक्लिन, सिद्दीकी व सहकाऱ्यांनी दोन हजारांहून अधिक जंक्शनांच्या मार्गावर 3 गिगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात 20 डेसिबलचे विवर्धन मिळवले. पंप आणि संदेश यांच्या कला, म्हणजे आवर्तनातील त्यांची स्थाने, वाटेत विसंगत होऊ नयेत म्हणून मार्गात ठरावीक अंतरांवर लहान अनुस्पंदक बसवण्याची युक्ती त्यात निर्णायक ठरली. एका विवर्धकातून अनेक क्युबिट एकाच वेळी वाचण्याची सोय यामुळे झाली आणि क्वांटम संगणकाच्या शीतकपाटात असे विवर्धक नेहमीचा घटक बनले.

क्युबिटखेरीज दुसरे मोठे गिऱ्हाईक कृष्णद्रव्याचा शोध हे ठरले. कृष्णद्रव्य ज्यांचे बनलेले असू शकते असे ॲक्सिऑन नावाचे काल्पनिक कण प्रबळ चुंबकीय क्षेत्रात सूक्ष्मतरंगांचे फोटॉन बनतील, या सिकिव्ही यांच्या 1983 च्या कल्पनेवर आधारलेल्या प्रयोगांत अपेक्षित शक्ती कमालीची क्षीण असते आणि शोधाला लागणारा काळ गोंगाटाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गोंगाट निम्मा झाला की काम चौपट वेगाने होते. म्हणून वॉशिंग्टन विद्यापीठातील प्रयोगाने क्लार्क यांच्या गटाने विकसित केलेला अतिसंवाहक विवर्धक वापरला, तर येलमधील प्रयोगाने 2021 मध्ये आवळलेला निर्वात वापरून शोधाची गती सुमारे दुप्पट केली.

मर्यादा गाठल्याचा दावा करणे आणि ती गाठली आहे हे मोजून दाखवणे, यांत मोठे अंतर आहे. जुन्या पद्धतीत विवर्धकापुढे एकदा उष्ण आणि एकदा थंड रोध ठेवून तुलना करीत. केल्विनच्या शतांशाला ही पद्धत संथ आणि शंकास्पद ठरते, कारण रोध आणि विवर्धक यांच्या मधल्या तारेतील नुकसान नीट ठाऊक नसते. म्हणून विद्युत् दाबाने नेमका बदलता येणारा बोगदा-जंक्शनचा गोंगाट, किंवा खुद्द क्युबिटच्या वारंवारतेचे सरकणे, यांचा मापदंड म्हणून उपयोग रूढ झाला. अशा हिशेबातून हे स्पष्ट झाले की विवर्धक स्वतः मर्यादेच्या जवळ असला तरी क्युबिटपासून नोंदीपर्यंतच्या संपूर्ण साखळीची कार्यक्षमता बरीच कमी राहते, कारण परतणाऱ्या लहरी अडवणारे चुंबकीय परिवाहक आणि मधल्या जोडण्या काही फोटॉन गिळतात. फ्रीस यांच्या 1944 च्या सूत्राने सांगितलेले नुकसान आता विवर्धकात नव्हे, तर त्याच्या आधीच्या काही सेंटिमीटरांत उरले आहे. आणि परिवाहकांविना, एकाच दिशेने काम करणारे विवर्धक क्युबिटच्या लगत बसवण्याचे सध्याचे प्रयत्न याच हिशेबातून निघालेले आहेत.